समन्सवाल्या जमादारांचे बिनआवाजी टायर

कैफियत येणेप्रमाणे.

फिर्यादी: मी स्वतः. धंदा अर्जनवीस. बैठक छिंदवाड्याकडच्या सौंसरच्या कचेरीच्या आवारात, कडुनिंबाखालचे पहिले टेबल. शिक्षण सातवी पास, आठवीत सहा महिने हजर.

ज्यांच्याविषयी फिर्याद आहे ते इसम: दिवाणी कचेरीचे समन्स वाटणारे जमादार, राहणार रामाकोना. नाव लिहीत नाही. त्यांची लेखी संमती घेतलेली नाही, आणि अशा बाबतीत ते फार काटेकोर होते.

काळ: ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षे. एका दिवाळीपासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत.

मुद्देमाल: जाड टायरची सायकल एक. टायर एकूण चार.

साक्षीदार: पंढरी सायकल मिस्त्री, राहणार सौंसर. टायरवाले शेटजी, राहणार पांढुर्णा. आणि जमादारांची पत्नी, जिची साक्ष या प्रकरणात सर्वांत खरी आहे.

आरोपी: कैफियत पूर्ण वाचून वाचकांनी स्वतः ठरवावा.

वाचकहो, सायकलवर बसणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. सायकलची माफी मागून बसणारा माणूस आपण पाहिला नसेल. जमादार रोज सकाळी कचेरीच्या आवारात उतरत, सीटवरून एकदा हात फिरवत, आणि जो कोणी जवळ उभा असेल त्याला सांगत, "ही गाडी माही नाही. अमानत हाय." समोरच्याने काही विचारलेले नसे. पुष्कळदा समोर फक्त बकरी असे.

हकीकत अशी की जमादारांचे जावई नागपूरला नोकरीस. त्यांनी हौसेने एक माउंटेन सायकल घेतली. सरळ हँडल, जाड नळ्या, आणि टायरांवर सुपारीएवढ्या रबराच्या गाठी. महिनाभर चालवून त्यांची हौस फिटली. इकडे जमादारांची जुनी सायकल मधोमध मोडली होती. जावयाने ती नवी सायकल बसच्या टपावर टाकून रामाकोन्याला पाठवली, सोबत चिठ्ठी की बाबा, समन्साच्या कामी येईल.

आता लेकीच्या घरून वस्तू घेणे हे आपल्याकडे कमीपणाचे. आणि जावयाने पाठवलेली वस्तू परत करणे हा जावयाचा अपमान. जमादारांनी यातून वाट काढली ती अशी की सायकल चालवायची, पण आपली मानायची नाही. ती त्यांनी ठेव म्हणून सांभाळली. रोज पुसत, सावलीत लावत, आणि चढावर उतरून तिला विश्रांती देत. त्यांची पत्नी मला एकदा म्हणाली, "सायकल जावयाची, मान्य हाय. पन टांगा तं याईच्याच हायेत ना. त्याईची काळजी कोन करीन?"

ही सायकल चांगली होती, पण गप्प नव्हती. कच्च्या पांदणीत ती मुकाट्याने चाले. डांबरी रस्त्याला लागली की मात्र टायरांची प्रत्येक गाठ आपली वेगळी तक्रार नोंदवू लागे, आणि त्या सर्व तक्रारींचा मिळून घुंऽऽऽ असा एक आवाज निघे. दूरच्या शेतात पाण्याचे इंजिन चालू असावे तसा. रामाकोन्यापासून सौंसरपर्यंत आणि सौंसरपासून लोधीखेड्यापर्यंत ज्याच्या नावाने कचेरीत काही कागद निघण्याचा संभव होता, त्या प्रत्येक माणसाला हा आवाज पाठ झाला.

घुंऽऽऽ आला की माणूस मागच्या दाराने वाडीत. वाडीतून संत्र्याच्या बगिच्यात. बगिच्यातून नाल्यात. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणातला वादी असो, प्रतिवादी असो किंवा नुसता साक्षीदार असो, धावण्याच्या बाबतीत तिघांचे एकमत असे. समन्स दारावर चिकटवण्याची सोय कायद्यात आहे हे मी जाणतो. परंतु तिला दोन पंचांच्या सह्या लागतात, आणि आवाज ऐकून पंचही नाल्यात गेलेले असत.

मात्र पळण्याआधी प्रत्येक घर एक काम करी. ओट्यावर पाण्याने भरलेला लोटा ठेवी आणि त्यावर गिलास पालथा घाली. कोर्टाचा माणूस उन्हातून येतो. त्याच्या हाती लागायचे नाही हे खरे, पण त्याला आपल्या दारातून तहानलेला पाठवायचा नाही. हे कोणी कोणाला शिकवले नव्हते. जमादार ओट्यावर बसत, पाणी पीत, गिलास धुऊन पुन्हा पालथा घालत, आणि समन्साच्या पाठीवर शेरा लिहीत: "इसम घरी मिळाला नाही. पाणी प्यालो." कचेरीतले नाजर, म्हणजे समन्स वाटून देणारे आणि शेरे तपासणारे अधिकारी, त्यातले दुसरे वाक्य रोज तांबड्या शाईने खोडत. जमादार दुसऱ्या दिवशी ते पुन्हा लिहीत. त्यांचे म्हणणे, घडले ते लिहिले पाहिजे.

जमादार बौद्ध. काही घरांत मालक समोर असता तर पाणी वरून ओंजळीत आले असते की वेगळ्या गिलासात, हे त्या घरांना ठाऊक होते आणि जमादारांनाही. घरात कोणीच नसल्याने तो प्रश्न निघत नसे. लोटा घरचा, गिलास घरचा, ओटा पुढचा. जमादार मला हसत हसत सांगत, "रिकाम्या घरी माही गजब इज्जत हाय, मुन्शीजी."

अशा रीतीने सर्व पक्ष समाधानी असताना दिवाळीनंतर नाजरांनी जमादारांना बोलावले. दहातले आठ समन्स तामिलीविना, म्हणजे इसमाच्या हाती न पडता, परत येतात असे त्यांनी सुनावले. होळीपर्यंत निम्म्याहून अधिक समन्स प्रत्यक्ष हातात पडले नाहीत, तर डोंगराकडच्या तहसिलीत बदली. तिकडचा जमादार इकडे येईल, तो पायी चालतो आणि त्याचा आवाज होत नाही, असेही ते म्हणाले.

जमादार माझ्या टेबलाशी येऊन बसले. त्या दिवशी त्यांनी बकरीलाही अमानतीचे सांगितले नाही. पेन्शनला तीन वर्षे उरली होती. रामाकोन्याला घर, मागे स्वतः कलम बांधून वाढवलेली संत्र्याची अकरा झाडे, आणि घरात पत्नी, जिचे गुडघे कामातून गेलेले. विहिरीचे पाणी जमादार पहाटे भरत आणि मग कचेरीला निघत. बदली झाली तर ते पाणी कोण भरणार, एवढाच त्यांचा मुद्दा होता. तो त्यांनी दोनदा सांगितला.

मी प्रकरण हाती घेतले. निदान तत्काळ केले: दोष माणसात नसून टायरात आहे. डांबरी रस्त्याला गाठीचे टायर गैरलागू आहेत. रस्त्याचे गुळगुळीत टायर बसवावेत, म्हणजे आवाज बंद, वेग अधिक आणि मेहनत कमी. पंढरी मिस्त्रीने यावर स्वस्त उपाय सुचवला, की आहेत त्याच टायरांच्या गाठी चाकूने छाटून टाकू. जमादार उठून उभे राहिले. "अमानतीवर चाकू?" एवढेच ते म्हणाले, आणि मिस्त्रीने चाकू पेटीत ठेवला.

टायर बदलायला मालकाची संमती लागेल असे त्यांचे मत पडले. मी जावयास पत्र लिहिले, तीन पानी. उत्तर एका ओळीचे आले: "बाबा, सायकल तुमचीच आहे, वाटेल ते करा." या उत्तराने जमादार अधिकच अडचणीत आले. यात टायर हा शब्दच नाही, आणि सायकल तुमचीच आहे हे विधान तर मूळ मुद्द्याच्या विरुद्ध आहे. मी दुसरे पत्र लिहिले. त्यात जावयाने फक्त "टायर बदलण्यास हरकत नाही" या वाक्याखाली सही करून परत पाठवावे अशी विनंती केली. तशी सही आली. जुने टायर उतरवल्यावर पंचनामा करून माझ्या घरी खुंटीवर ठेवावेत, त्यावर ऊन पडू देऊ नये, असेही ठरले.

आता निवड. साध्या सायकलचे टायर या सायकलला बसत नाहीत. हिचे चाक लहान आणि रुंद. सौंसरला माल नव्हता. म्हणून आम्ही दोघे बसने पांढुर्ण्याला गेलो. तेथील शेटजींचे अर्ज मीच लिहितो, त्यामुळे त्यांनी दोन जोड्या पसंतीवर दिल्या. एक जोडी अशी की मधोमध सलग पट्टी आणि गाठी फक्त कडेला. दुसरी पूर्ण गुळगुळीत, वर केवळ केसाएवढ्या रेघा.

पंढरी मिस्त्री पट्टीवाल्याच्या बाजूने होता. डांबरावर पट्टी चालेल आणि पांदणीत कडेच्या गाठी पकडतील, असा त्याचा युक्तिवाद. गुळगुळीत टायर काळ्या मातीत घसरणार, आणि बाभळीचा काटा त्याला आधी सापडणार, हेही त्याने बजावले. त्यात तथ्य होते. मी बाजू मांडली की जमादारांच्या रस्त्यात डांबर जास्त आणि पांदण थोडी. जिथे सायकल जास्त चालते तिथल्यासाठी टायर घ्यावा, आणि थोड्या पांदणीत माणसाने उतरून चालावे. हवा कडक भरली की टायर हलका पळतो, एवढ्यापुरते आमचे दोघांचे एकमत झाले. जमादार आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहत होते. शेवटी म्हणाले, "तुमी भांडू नका. आपन आयकून पाहू."

म्हणून परीक्षा ठरली. दुपारच्या सुट्टीत, कचेरीसमोरच्या डांबरी रस्त्यावर. चहाच्या टपरीवरचे सर्व लोक पंच. ऐकणारा मी, कारण माझा कान तयार आहे अशी माझी ख्याती होती. मी भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून उभे राहायचे आणि आवाज आला की हात वर करायचा.

पहिल्या फेरीला जुने गाठीचे टायर. जमादार वळणावर असतानाच माझा हात वर गेला. तो इतक्या तत्परतेने गेला की टपरीवर हशा पिकला. दुसरी फेरी पट्टीवाल्या टायरांची. ते मला वळणाच्या अलीकडच्या पिंपळापाशी ऐकू आले. तिसऱ्या फेरीसाठी मिस्त्रीने टायर बदलले, हवा कडक भरली, आणि मी पुन्हा भिंतीकडे वळलो.

या ठिकाणी मला एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. ती मी आजवर कोणाला सांगितली नाही. धुऱ्याच्या एका खटल्यात वादीचा कागद मी लिहिला होता आणि प्रतिवादीचाही मीच. दोन्हींवर साक्षीदार म्हणून सही माझी. दोन्ही कागद एकमेकांच्या विरुद्ध आणि दोन्ही सुंदर. त्या खटल्यात मला साक्षीस बोलावणारे समन्स चार महिने फिरत होते. जमादार ज्या अंगणात रोज सायकल लावत, त्याच अंगणात माझे टेबल. तरीही ते तामील झाले नव्हते. वळणावर घुंऽऽऽ ऐकू आला की मला कचेरीच्या मागे काम निघे. एरवी माझ्या टेबलाशी बसले की ते पाहुणे, आणि पाहुण्याने कागद काढायचा नाही असा त्यांचा नियम. आपणच या आवाजाच्या आश्रयाने राहत आहोत, हे टायर निवडताना माझ्या ध्यानात कसे आले नाही, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

मी डोळे मिटून उभा होतो. काहीच ऐकू येत नव्हते. टपरीवर सगळे एकदम शांत झाले, ते मला परीक्षेच्या गांभीर्यामुळे वाटले. मग कोणीतरी माझा तयारीत अर्धा वर धरलेला हात हळूच धरला आणि त्यात कागद ठेवला.

"मुन्शीजी," जमादार म्हणाले, "सही करून द्या. कोर्टात परवाची पेशी हाय."

मी सही केली. माझ्याच दौतीतली शाई, माझेच टेबल. टपरीवर लोक हसून हसून बाकांवरून घसरत होते, मिस्त्री तर पंप धरून खाली बसला. फक्त जमादार हसत नव्हते. ते सायकलकडे पाहत होते, घरात पाळलेले जनावर एकाएकी कोणाला चावल्यावर त्याच्याकडे पाहावे तसे.

गुळगुळीत टायर पसंत झाले. पंचनामा झाला. गाठीचे टायर माझ्या खुंटीवर आले. माझ्या साक्षीचे पुढे काय झाले ते या प्रकरणात गैरलागू आहे.

त्यानंतर जमादारांच्या हातून जी तामिली झाली तशी आमच्या कचेरीने पाहिली नव्हती. माणसे जेवताना सापडली, दाढी करताना सापडली, खाटेवर पाय पसरून बिडी ओढताना सापडली. लोधीखेड्याला एक जण पानटपरीवर "आता जमादार येत नाहीत वाटते" असे म्हणत असताना सापडला. पांदणीत जमादार दोनदा घसरून पडले आणि मिस्त्रीने मला दोनदा ऐकवले. पण होळीआधीच निम्मे काय, दहातले नऊ समन्स तामील होऊ लागले. नाजरांनी तांबडी शाई बंद केली. खोडायला काही राहिलेच नव्हते, कारण शेऱ्यातले दुसरे वाक्य जमादारांनी स्वतःच लिहिणे सोडले होते.

मी कारण विचारले. ते म्हणाले, "पानी कुठं भेटून राहिलं, मुन्शीजी? मी येऊन राहिलो हे कोनाला कळत नाही. ओट्यावर लोटा नसतो. मानूस समोर असतो, त्याच्या हाती कागद असतो. आता त्याले कोन्या तोंडानं पानी मागू?"

रामाकोन्याच्याच एका घरात म्हातारी दळण निवडत बसलेली. तिने त्यांना पाहिले, सूप बाजूला ठेवले, आणि कागदावर अंगठा उठवताना एवढेच म्हणाली, "जमादार, तू तं आवाज देऊन येत होता ना रे." हे वाक्य त्यांनी मला त्याच आठवड्यात चार वेळा सांगितले. तेव्हापासून ते घरून बाटली भरून नेऊ लागले. ही बाटली त्यांची स्वतःची होती, तरी तिच्यातून ते पाहुण्यासारखे संकोचाने पीत.

तरीपण बदली टळली होती. विहिरीचे पाणी भरले जात होते. प्रकरण येथे मिटले असते. ते मी मिटू दिले नाही.

बदली कायमची टळावी म्हणून मी वरिष्ठांना अर्ज करण्याचे ठरवले. कोणी सांगितले नव्हते. सात पाने. माझ्या आयुष्यातला तो सर्वोत्तम अर्ज होता हे मी आजही नम्रतेने म्हणतो. सदर इसम ऊन, वारा, पाऊस न जुमानता कर्तव्य बजावतात. त्यांच्या हातून कोणीही सुटत नाही. त्यांच्या सायकलला आवाज नाही. असा तामीलदार जिल्ह्यात दुसरा नाही. सबब त्यांना कदापि येथून हलवू नये. शेवटचे वाक्य मी दोनदा अधोरेखित केले. जमादारांना वाचून दाखवले तेव्हा ते लाजून म्हणाले की, एवढं कशाला, आणि सही केली.

वरिष्ठांनी अर्ज वाचला. माझे अर्ज सहसा शेवटपर्यंत वाचले जात नाहीत, हा वाचला गेला असावा. कारण महिन्याभरात हुकूम आला. डोंगराकडच्या तहसिलीत पायी चालून समन्सांची तामिली पुरी होत नाही. तिथे अशाच कर्तबगार माणसाची गरज आहे. सबब सदर इसमास तेथे पाठवण्यात येते. हुकुमात माझी दोन वाक्ये जशीच्या तशी होती. जे अधोरेखित केले होते ते नव्हते.

मी तो हुकूम हातात घेऊन बसलो. जमादारांनीच मला धीर दिला. म्हणाले की अर्ज चांगलाच होता, म्हणून तर लागू झाला. त्यांच्या पत्नीला मी तोंड दाखवायला गेलो तेव्हा ती पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "मुन्शीभाऊ, तुमी थोडं कमी शिकले असते तं बरं झालं असतं." तिच्यासाठी पाणी भरायला शेजारची सून तयार झाली, एवढे मी पाहून आलो.

निघण्याच्या दिवशी सकाळी जमादार माझ्या घरी आले आणि खुंटीवरचे टायर मागितले. मी रस्त्याचे टायर किती चांगले हे पुन्हा समजावू लागलो. त्यांनी मला मध्येच थांबवले.

"तिकडं मला कोनी ओळखत नाही," ते म्हणाले. "पयले आवाज तं पोचला पाह्यजे. तवाच लोकं पळतीन, अन् पळतीन तवाच पानी ठेवतीन ना."

मी सांगितले की तामिली झाली नाही तर तिकडचे नाजरही रागावतील. ते म्हणाले, "रागावून कुठं धाडतीन? याच्या पुढं तहसीलच नाही."

पावतीवर सही करून त्यांनी टायर घेतले. सौंसरच्या बसस्टँडवर सायकल टपावर चढवली, तिला दोरीने बांधताना तिच्या नळीखाली आपला टॉवेल घडी करून ठेवला. गाठीचे दोन्ही टायर मात्र टपावर टाकले नाहीत. ऊन लागेल म्हणाले. ते त्यांनी गळ्यात घातले आणि तसेच बसमध्ये चढले. कंडक्टरने विचारले हे काय. जमादार खिडकीशी बसत म्हणाले, "माहे नाही. अमानत हाय."

बस छिंदवाड्याच्या रस्त्याला लागली. गळ्यात काळे हार घातल्यासारखा तो माणूस वळणापर्यंत दिसला.

तरी नम्र विनंती की, डोंगराकडच्या त्या तहसिलीत राहणाऱ्या, अथवा कामानिमित्त तिकडे जाणाऱ्या वाचकांनी ही कैफियत मनावर घ्यावी. मी पाठवलेल्या तीन पत्रांना उत्तर नाही, आणि तिकडे टपाल पोचते की नाही हेही मला ठाऊक नाही. तिकडच्या रस्त्यावर दुपारी घुंऽऽऽ असा आवाज येतो की नाही, एवढेच एका कार्डावर कळवावे. येत असल्यास "येतो" हा एक शब्द पुरे. दुसरे काहीही लिहू नये, मी त्यावरून समजून घेईन. आरोपी कोण हे ठरवून शिक्षा सुनावायची असल्यास तीही त्याच कार्डावर चालेल. मला कबूल आहे.

कळावे. उत्तराच्या प्रतीक्षेत,

अर्जनवीस, कडुनिंबाखालचे पहिले टेबल, कचेरी आवार, सौंसर.